शेवटच्या सोळा पानांचा ठराव

आमच्या कादंबरीवर सिनेमा येतोय, ही बातमी एका शनिवारी पाच वाजता वाचनालयात आली आणि साडेपाचपर्यंत तिचा निषेध सुरू झाला होता. सिनेमा अजून पुरा व्हायचा होता. 'आमच्या' अशासाठी, की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या या मराठी वाचनालयात आम्ही आठ-दहा जण ती कादंबरी इतक्या वेळा वाचून बसलो आहोत की लेखकाचा तिच्यावरचा हक्क मनातल्या मनात केव्हाच काढून घेतला आहे. आग्र्याहून ग्वाल्हेरला सीलबंद खलिता घेऊन निघालेला एक हरकारा, मागावर घोडेस्वार, मध्ये चंबळ. एवढीच गोष्ट. पण आमच्यातल्या प्रत्येकाने ती बाराव्या-तेराव्या वर्षी वाचली, आणि त्या वयात आवडलेल्या पुस्तकात पुढे कोणाला खोट दिसत नाही.

पहिलं पोस्टर फोनवर आलं. ज्यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते त्यांना खलित्यावरची मोहोर चुकीच्या जागी दिसली. ज्यांचे फौजेत होते त्यांनी लगाम धरण्यावरूनच नायकाला नापास केलं. माझे पूर्वज पुरोहित; मी कपाळावरचं गंध चुकलं आहे असं सांगून माझा वाटा उचलला. पोस्टरखाली लिहिलं होतं, 'मूळ कादंबरीशी पूर्ण प्रामाणिक'. प्रामाणिकपणा इतक्या मोठ्या अक्षरांत कोणी लिहिला की मला आधी संशय येतो.

खरं सांगायचं तर माझा संशय सिनेमावाल्यांपासून सुरू झाला नव्हता.

वाचनालयाच्या प्रतीला शेवटची सोळा पानं नाहीत. माझ्या जन्माआधीपासून नाहीत. हरकारा नावेत आहे, नाव भर पाण्यात आहे, नावाडी वल्हं थांबवतो आणि तोंडावरचा फडका सोडतो. तिथे पान संपतं आणि पुठ्ठा लागतो. गावात दुसरी प्रत नव्हती. म्हणून रीत अशी पडली, की पुस्तक परत करायला आलेल्याने टेबलापाशी उभं राहायचं आणि शेवट माझ्या आत्याकडून ऐकायचा. आत्याने ते टेबल चाळीस वर्षं सांभाळलं. ती सांगायची, नावाडी शत्रूचाच माणूस, पण तो हरकाऱ्याला मारत नाही. "फोड खलिता," म्हणतो. आत कोरा कागद. खरा निरोप दुसऱ्याच वाटेने केव्हाच पोहोचलेला. याला नुसतं मागावरच्यांना झुलवायला धाडलेलं. हरकारा कागद पाण्यात सोडतो, दरबारात जात नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच घाटावर नाव चालवू लागतो.

मला सांगितलं तेव्हा कागद कोरा होता. धाकट्या बहिणीला सांगताना त्यावर नुसती मोहोर होती.

"आत्या, तू पुस्तक पूर्ण वाचलंयस ना?" मी विचारलं होतं.

"तुला खीर हवी की उलटतपासणी?"

मी खीर घेतली. पण विसरलो नाही.

पुढे सिनेमाची झलक आली. तीत नायक नावाड्याला नदीत फेकतो आणि तुताऱ्यांच्या गजरात दरबारात शिरतो. "शेवट बदलला!" सगळे एका सुरात. आमच्याकडे सूचक-अनुमोदकाशिवाय पंखासुद्धा बदलत नाही, त्यामुळे बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी लगेच ठराव मांडला आणि निर्मात्यांना पाठवायचं पत्र लिहून काढलं: मूळ शेवटाशी केलेली छेडछाड आम्ही खपवून घेणार नाही. पहिल्या सहीची जागा आत्यासाठी सोडली होती.

"चष्मा घरी राहिला," आत्या म्हणाली. चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता.

तेव्हा मला नक्की कळलं. पत्र गेलं की तिकडून कोणीतरी अख्खं पुस्तक उघडून दाखवणार, आणि जिच्या शब्दावर दोन-तीन पिढ्यांनी शेवट मानला ती बाई ब्याऐंशीव्या वर्षी खोटी ठरणार. पुढच्या शनिवारपर्यंत ती सही टाळू शकत होती, त्यापुढे नाही.

पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मी पूर्ण प्रत मागवली. ती गुरुवारी आली. दुपारी आत्याच्या घरी जाऊन तिला शेवटची सोळा पानं मोठ्याने वाचून दाखवली. नावाडी बुडतो. खलिता वेळेवर पोहोचतो. हरकाऱ्याला एक गाव इनाम मिळतं, आणि एका सरदाराची मुलगी मिळते, जी त्याआधी पुस्तकभर एकदाच, खिडकीत, दोन ओळी दिसली होती. सिनेमा शब्दन्‌शब्द प्रामाणिक होता. जन्मात एकदा पोस्टरवर विश्वास ठेवायला हवा होता, नेमका तेव्हा ठेवला नाही.

"इतकं फुसकं?" आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पहिल्यांदा एक मुलगी आली होती. अगदी रडकुंडीला आलेली. मेला का तो, म्हणाली. मला कुठे ठाऊक! पण टेबलावर बसून ठाऊक नाही कसं म्हणायचं? सांगितलं काहीतरी. तिने जाऊन तिघांना सांगितलं. मग मी अडकले."

"गप्प राहा. पत्र मी हरवतो."

"तू? तुला शाळेचं प्रगतिपुस्तक हरवता आलं नाही कधी." तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "मीच सांगेन. खोटं सांगितलं इतकी वर्षं, पण त्याच्यावर सही नव्हती केली."

शनिवारी तिने सांगितलं. उभं राहून, चार वाक्यांत, आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. मग बँकवाल्यांनी पुस्तक उचललं, पान उजेडासमोर धरून पाहिलं, शिवण पाहिली.

"ताई, ही आवृत्ती मागाहून कोणीतरी बदललेली दिसते."

"पहिलीच आवृत्ती आहे ती."

"मग छपाईवाल्यांनी घुसवलं असणार," फौजेच्या घराण्यातले एक सभासद म्हणाले. "पुण्याचे लोक! त्यांचं काय सांगता?"

ते तिच्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना पुस्तकाचा संशय आला, लेखकाचा आला, अख्ख्या पुण्याचा आला. फक्त तिचा येत नव्हता. कोणीतरी सुधारित ठराव सुचवू लागलं.

"सुधारित नको की बिघडवलेला नको," आत्या म्हणाली. "मी फसवलंय तुम्हाला. मी म्हणतेय ना? एवढं तरी खरं माना."

तेव्हा कुठे बँकवाल्यांनी पुस्तक खाली ठेवलं. पत्र रीतसर मागे घेण्यात आलं. सूचक मी, अनुमोदन मिळायला जरा वेळ लागला. फौजेच्या घराण्यातले ते सभासद उठले आणि नेहमीचा नमस्कार न करता गेले.

सिटी सेंटरकडच्या एका कॉलनीतली कॉलेजची मुलगी मघापासून जुनी प्रत घेऊन थांबली होती. ती पुढे आली.

"आजी, पर वो बचता है की नाही? इतकी मीटिंग झाली, कोणी सांगितलंच नाही."

आत्याने नवी प्रत तिच्यापुढे सरकवली. "वाच."

"तुम्ही सांगा ना, प्लीज. सगळ्यांना सांगितलंत."

"आधी लेखकाचं वाच. मग ये, माझं सांगते. पण माझं म्हणून ऐकायचं. कबूल?"

"कबूल," म्हणत मुलगी दारातच शेवटचं पान उघडायला लागली.

ती गेल्यावर बँकवाले खुर्ची ओढून टेबलापाशी आले. आजूबाजूला पाहून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, पण तो घाटावरच का राहतो?"

चाळीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. शेवट लेखकाचा समजत होते, मग त्याचं कारण टेबलावरच्या बाईला कशाला विचारायचं? आत्या काही क्षण त्यांच्याकडे, ते थट्टा तर करत नाहीत ना, अशा नजरेने पाहत राहिली. मग खुर्चीत सावरून बसली आणि बोलू लागली.