शालनच्या वाट्याचं कवठ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, कोण जाणे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तसं माझं तोंड भरपूर चालतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत जुन्या बायका उरल्या असतील तर विचारा. फक्त जिथं उघडायचं तिथं माझी दातखीळ बसते.

सुरुवात कुठून करू? ओव्यापासूनच करते.

आमचे हे दौंडला लोको शेडमध्ये फिटर होते. ड्यूटी सुटली की स्टेशनाबाहेरच्या गाड्यावर भजी खायची, घरी येऊन पुन्हा ताट भरून जेवायचं, आणि हात धुतला की डबे उघडायचे — शेव कुठाय, गूळ कुठाय. दुष्काळ नुकताच मागं पडला होता. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन सगळ्यांच्याच जिभा वखवखल्या होत्या, पण ह्यांचं जरा जास्तच. पोट सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली. माझ्या एका मावशीनं उपाय सांगितला. ती म्हणाली, ‘‘खा-खा पोटाची नसती, जिभंची असती. जिभंलाच गप करायची.’’

मग मी भाकरीच्या पिठात ओवा घालायला लागले. आमटीला मेथीदाण्याची फोडणी, त्यात मूठभर कढीपत्ता, आणि तो ताटाच्या कडेला काढून ठेवायचा नाही, चावून खायचा. मुगाच्या डाळीत शेपू. जेवणात पुदिन्याची चटणी, जेवणावर बडीशेप. मोरीच्या पाण्यावर मी पुदिना आणि ओव्याची पानं लावली होती, ती माजली होती नुसती. महिन्या-दोन महिन्यांत ह्यांची भजी सुटली. म्हणजे मला तरी तसं वाटलं. कॉलनीतल्या बायका विचारायला यायला लागल्या — आमच्या पोराची गोडाची हाव कशी मारू, सासऱ्यांना सारखं चिवडा लागतो काय करू. मी सांगत बसायची. कौतुक कुणाला आवडत नाही? आणि मला तर तेव्हा दुसऱ्या कशाचं कौतुक मिळतच नव्हतं.

कारण लग्नाला सहा-सात वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती. आता हे मी तुमच्या डोळ्यांत पाणी आणायला सांगत नाहीये. तुम्हाला पुढचं कळावं म्हणून सांगतेय. मला जो येईल तो काही ना काही खायला देत होता — कुणाचा अंगारा, कुणाचा पाला, कुणाची मुळी. मी गुमान गिळत होते. भरपूर चीड होती अंगात, आणि ती कुणावर काढायची तेच कळत नव्हतं.

तेव्हा शालन आली.

शालन माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर दत्तूभावजी, शिरूरला एसटीत कंडक्टर. दोघं तिथं भाड्याच्या खोलीत राहायची. शालनला आई नव्हती. दिवस गेल्यावर तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही, म्हणून सासूबाईंनी तिला आमच्याकडं दौंडला आणून ठेवली. ‘‘थोरली हाय, ती बघंल तिचं,’’ असं त्या म्हणाल्या. स्वयंपाकघर त्यांनी माझ्यावर सोडलेलं होतं. म्हणजे शालनचं खाणंपिणं माझ्या हातात आलं. माझ्या गुणी हातात!

ती पोरगी साधी होती. अगदी साधी. पहिल्या दिवसापासून ‘आक्का, आक्का’ करत माझ्या मागं. उलट्या थांबल्या तसं तिला एकेक खावंसं वाटायला लागलं. गाभुळलेली चिंच. बोरं. आणि कवठ — कवठासाठी तर तिचा जीव जात होता. झोपेतसुद्धा तिला कवठाचा वास यायचा म्हणे. गुळात कालवलेलं कवठ, वर मीठ आणि जिरं. हे सगळं ती मला लाजत लाजत सांगायची, आणि मी कढीपत्ता निवडत ऐकायची.

आता नीट ऐका. डोहाळे म्हणजे खा-खा नव्हे, हे मला माहीत नव्हतं का? गावाकडची शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल, खा-खा मारायची असते आणि डोहाळे पुरवायचे असतात. मी सात भावंडांतली थोरली, आईची चार बाळंतपणं डोळ्यांनी बघितलेली. मला चांगलं माहीत होतं. तरी मी तिला सांगितलं, ‘‘दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्यात, आंबट खायचं न्हाई. पोराला बाधतं. म्या तुझी इच्छाच मारते बघ, दोन दिसांत.’’ कुठली नर्सबाई अन् कुठलं काय. कुणी काही म्हणालं नव्हतं.

आणि तिच्या भाकरीत ओवा गेला. तिच्या आमटीत मेथी, इतकी की आमटी कडवट व्हायची. शेपू एक दिवसाआड. ती नाक दाबून खायची आणि वर मलाच म्हणायची, ‘‘आक्का, तुम्ही किती करता माझ्यासाठी.’’ सासूबाईही शेजारणींना सांगायच्या — थोरलीनं धाकटीला औषधावाणी जपलंय. ते ऐकून मला कसलं समाधान व्हायचं, सांगू? नाही व्हायचं. चडफड व्हायची. वाटायचं, अरे कुणीतरी एकदा माझा हात धरा, ही आमटी चाखून बघा, विचारा की पोरीच्या पानात हे काय चालवलंयस. कुणी विचारलं नाही.

पण ओवा-मेथी हे काही माझं खरं पाप नव्हे. तिथवर असतं तर मी त्याला अतिकाळजी म्हणून पांघरूण घातलं असतं. घातलंच होतं.

दत्तूभावजींची गाडी आठवड्यातून दोन-तीनदा दौंडला यायची. गाडी स्टँडवर थांबली की ते चहाच्या वेळात धावत क्वार्टरवर यायचे. आईसमोर बायकोशी बोलायची त्यांची छाती नव्हती. त्या काळात कुणाचीच नसायची. शालन आतल्या खोलीत, भावजी बाहेर, आणि मध्ये सासूबाई पान लावत बसलेल्या. त्यांनी आईची तब्येत विचारायची, एक नजर आत टाकायची आणि निघायचं. निघताना मात्र दारात, माझ्या हातात, एक पुडी कोंबायची.

‘‘वैनी, तिला द्या. आईला दावू नका, बायलवेडा म्हनंल.’’

पहिल्या पुडीत चिंच होती. गाभुळलेली, टपोरी. घोडनदीच्या काठची असणार. शालननं त्यांना कधी सांगितलं, की त्यांचं त्यांनीच ओळखलं, देव जाणे. मी ती पुडी पदराखाली घेतली, मागच्या अंगणात गेले, बंबाशेजारी बसले — आणि खाल्ली. सगळी. चिंचोके कोळशाच्या ढिगात टाकले.

का खाल्ली? मला चिंच मिळत नव्हती का? कॉलनीच्या मागं चिंचेची झाडं होती. शेजारच्या एका म्हातारीनं कधीतरी सांगितलं होतं की गरवार बाईच्या वाट्याचं खाल्लं की वांझेची कूस उजवते. तिनं सांगितलं होतं ते ओटीतल्या फळाबद्दल, तेही गरवारशीनं आपल्या हातानं, खुशीनं दिलेल्या. मी चोरून खात होते. तेव्हा त्या म्हातारीचं नाव सांगून सुटू नये मी. खरं सांगायचं तर त्या चिंचेत मला दोन्ही चवी लागत होत्या — मला होईल ही आशा, आणि हिला मिळू नये ही मजा. कुठली जास्त होती हे मी तुम्हाला आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग बोरं आली. मग कवठ आलं. कवठ फोडायला मी पायरीवर आपटलं तेव्हा आतून शालननं विचारलं, ‘‘आक्का, काय पडलं वो?’’ मी म्हणाले, बंबाचं लाकूड. त्याचा वास साऱ्या अंगणात सुटला. मी भराभर खाल्लं, गूळही नाही, मीठही नाही, आणि हात राखेनं घासून आत गेले. शालन म्हणाली, ‘‘मला अजून कवठाचाच वास येतोय बघा. न्हाई जात मनातनं.’’ त्या संध्याकाळी मी तिच्या भाकरीत ओवा जास्त घातला.

ओवा लागू पडला म्हणा, की तिची आशा तुटली म्हणा — ती मागायची थांबली. मागायची थांबली तशी खायचीही थांबली. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी. गालफडं बसली. दिवस भरायच्या जरा आधीच बाळंत झाली. पोरगा झाला, वजनानं कमी, पण जगला, वाढला, आता त्याला नातवंडं आहेत. माझ्या मेथीनं तो लहान जन्मला का? माहीत नाही. कुणाला विचारू? हे विचारायचं म्हणजे आधी बाकीचं सांगावं लागतं.

पोराच्या उष्टावणाला सगळी जमली होती. दत्तूभावजी रजा काढून आलेले. पोराची लाळ गळत होती. सारखी, छाती भिजेपर्यंत. लाळ गळली की बायका काय म्हणतात तुम्हाला ठाऊक आहे. एकजण म्हणालीच, ‘‘का वो कंडक्टर, बायकूचं डोहाळं पुरवलं न्हाई व्हय?’’ सगळ्या हसल्या. शालनही हसली. मग म्हणाली, ‘‘चिंचंचं एक बुटुक सुदिक आणलं न्हाई यांनी. मीच आपली वाट बघायची.’’ ती हसत होती, पण खाली बघत होती.

भावजी आधी तिच्याकडं बघायला लागले. मग माझ्याकडं वळले.

‘‘वैनी, त्या पुड्या —’’

एवढंच म्हणाले. मला वेळ होता. ‘अगंबाई, विसरलेच मी’ म्हणता आलं असतं. ‘मीच दिल्या नाहीत, आंबट नको म्हणून’ एवढं अर्धं खोटंही चाललं असतं. मी काय म्हणाले?

‘‘कसल्या पुड्या, भावजी?’’

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही हो. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, भांडणात मला कोण हरवणार? त्यांनी नुसतं समजून घेतलं. आणि बायकांकडं वळून म्हणाले, ‘‘न्हाई, माझंच चुकलं. ध्येनातच राहिलं न्हाई. आणायचं राहूनच गेलं.’’

थोरल्या भावजयीची अब्रू राखली त्यांनी, चारचौघींत. स्वतःच्या बायकोच्या नजरेतून उतरून.

पुढं मलाही मुलगी झाली. म्हणजे मूल नसलेली बाई म्हणून तुम्ही मला सोडून द्याल, तीही सोय नाही. माझ्या वेळी शालन शिरूरहून येऊन महिनाभर राहिली. मला काय हवं-नको ते विचारून विचारून तिनं माझा जीव खाल्ला. भावजी चिंचा, कवठं, जे म्हणेन ते आणून द्यायचे. पण माझ्या हातात नाही. उष्टावणाच्या त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या हातात कधीच काही दिलं नाही. वस्तू शालनकडं द्यायचे आणि मला ‘‘वैनी, बऱ्या हाय न्हवं?’’ विचारायचे. आवाज तोच, मान तोच. मला कितीदा वाटलं, एकदा तरी टाकून बोला हो.

आणि शालन? तिनं नवऱ्याकडं काही मागायचंच सोडलं. दिवाळीचं लुगडं असो, कानातलं असो, आजारपणात तोंडाला चव म्हणून काही असो. ‘‘त्यांच्या कुठं ध्येनात राहतंय,’’ म्हणायची, आणि मला सांगायची. मग मी माझ्या ह्यांना सांगून आणवायचे आणि नेऊन द्यायचे. ती माझे उपकार मानायची. भावजींनीही आणायचं सोडलं. ज्यानं धावत्या पावली तेवढ्या पुड्या आणल्या, तो माणूस उभा जन्म रिकाम्या हातानं घरी गेला. भांडणं नव्हती त्यांच्यात. संसार झाला, पोरं शिकली. पण ती त्याला ‘न आणणारा’ म्हणूनच धरून चालली. मी जवळ बसून बघत होते.

किती वेळा सांगता आलं असतं! दरवर्षी, दर सणाला, एसटीत शेजारी बसून, भाजी निवडताना. दरवेळी मला माझाच राग आला, आणि तो राग घेऊन मी घरी परत आले.

मागल्या वर्षी भावजी गेले. तेराव्याला सगळे जेवून पांगले, आणि शालन माझ्याजवळ येऊन टेकली. मग म्हणाली, ‘‘देवमाणूस होता, आक्का. कवा वाईट बोलला न्हाई. पण मनातलं वळखून कवा काय आणलं न्हाई बघा त्यानी. नशीब एकेकाचं. तुम्ही होता म्हणून.’’

घरात आम्ही दोघीच होतो. भिंतीवर त्यांचा फोटो होता. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. आता कुणाची अब्रू राखायची होती?

मी ‘हं’ म्हणाले.

शालन शिरूरलाच असते. तब्येत चांगली आहे, कान शाबूत आहेत. मी तिला सांगितलेलं नाही.