तीन गाठी

शुक्रवार पेठेतल्या आकारामाच्या दारात चार म्हशी होत्या, पण त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, सात महिने दुधाला तोंड लावलं नव्हतं. दूध नाही, दही नाही, भातसुद्धा नाही. पोटुशीनं पांढरं खाल्लं की मूल पांढरं होतं, हा सासूचा, धोंडुबाईंचा, कायदा. आणि त्या कायद्यावर अपील नव्हतं.

पहिली पोर चिमी तशीच जन्मली होती. केस, पापण्या, कातडी, सगळं पांढरंफटक. आता सहा वर्षांची झाली, तरी उन्हात डोळे मिटून चालायची; माणूस ओळखायचं तर त्याच्या गालाला नाक भिडवायची. पेठेतल्या जिभांना हाड नव्हतं. "सायेब गेलं, पर मड्डम हितंच ठिवून गेलं," असं नळावर बायका म्हणायच्या. शालूबाई अर्धी घागर घेऊनच परतायची.

"दुसरंबी असलंच झालं, तर कागलची वाट धरायची," धोंडुबाईंनी बजावलं होतं. कागल म्हणजे शालूबाईचं माहेर. आकाराम ऐकून न ऐकल्यासारखं करून म्हशी धूत राहिला.

पोटुशी जे बघते तसं मूल होतं, हा दुसरा कायदा. म्हणून चिमीची रवानगी गोठ्यालगतच्या खोलीत झाली. ती जवळ आली की शालूबाई तोंड फिरवायची. "लांब हो गं बाई, लांब हो." लांबून पोरीला आईचं तोंड दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. जीव तुटायचा. तरी ती तोंड फिरवायची, इतकी भीती मनात बसली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुईण अंबूबाईनं मूल उचललं. शालूबाईनं डोळे गच्च मिटले.

"कसं हाय?" मुलगा की मुलगी, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

"काळंकुळकुळीत हाय की! बापावर गेलंय पोरगं!"

शालूबाई हमसून हमसून रडली. धोंडुबाईंनी स्वतःच्या हातानं दुधाचा पेला आणला. तिनं तो बाजूला सारला.

"आत्याबाई, आदी माज्या चिमीला बलवा."

चिमी आली आणि उंबऱ्याशीच थांबली. तिनं आजीच्या जुन्या लुगड्याचं फडकं डोळ्यांसकट तोंडाला गुंडाळलं होतं.

"ये की गं. बघ तुजा भाऊ."

"नगं आये. त्यानं मला बघिटलं, तर पांढरा हुईल न्हवं?"

शालूबाईनं तिला ओढून जवळ घेतलं आणि फडकं सोडायला लागली. पोरीनं एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या. तिसरी काही केल्या सुटेना.