थोरला की धाकटा

नव्या डॉक्टरबाई प्रयोगशाळेत रुजू झाल्या, तेव्हा ससेकाका त्यांना टेबलाखालून वर येताना दिसले. आधी एक ससा, मग दुसरा, मग मिशी आणि मिशीमागोमाग बाकीचे काका. मिशी अशी की तिसरा ससा तिच्यातच लपला असावा.

"हात धुवा," काका म्हणाले. पंचवीस वर्षं प्रत्येक साहेबाचं स्वागत त्यांनी असंच केलं होतं.

झाडांचे विषाणू कसे ओळखायचे ते काकांनीच बाईंना शिकवलं. सशाला विषाणू टोचायचा, त्याच्या रक्तातलं सीरम जपायचं. सीरम आणि रोगट पानाचा रस जेलीत समोरासमोर ठेवले, की ओळख पटल्यावर पांढरी रेघ उमटते. टोमॅटोवरचे दोन विषाणू मात्र सख्खे भाऊ. थोरला शेत बुडवतो, धाकटा नुसती पानं सुरकुतवतो, आणि थोरला टोचलेल्या सशाचं सीरम दोघांनाही "या, बसा" म्हणतं. म्हणून सीरममध्ये आधी धाकट्याचा रस मिसळायचा. दोघांनाही ओळखणारं जे असतं ते तळाला बसतं. वर उरतं ते फक्त थोरल्याला ओळखणारं.

रसांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची. "आपली पोरं ओळखायला गळ्यात पाट्या लागतात का?" काका विचारत.

एक दिवस काकांच्या बहिणीच्या रोपवाटिकेतली पानं आली. धाकटा आहे असं आठ दिवसांत सिद्ध झालं नाही, तर सगळी रोपं जाळायची, असा नियम. सीरमची एकच बाटली उरली होती आणि तिचा ससा म्हातारपणाने गेला होता.

"दादा, दुसरं काही नाही रे मला," बहीण म्हणाली.

"रडू नकोस. धाकटाच असणार."

"काका, घरचं काम आहे," बाई म्हणाल्या. "उद्या कोणी बोट दाखवायला नको. चिठ्ठ्या लावाच."

काकांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, डिंक आणायला वळसा घालून गेले आणि पलीकडच्या बाजूनेच चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षर सुंदर आलं. मग 'धाकटा' ही चिठ्ठी वाचून त्यांनी तो रस मिसळला, सगळ्याच्या सगळ्या सीरममध्ये.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या पानासमोर रेघ नव्हती. "धाकटाच!" काका ओरडले.

बाईंनी शेजारी बोट ठेवलं. तिथे पडताळ्यासाठी थोरल्याचा रस होता. तिथे रेघ यायलाच हवी होती. तिथेही काही नव्हतं. म्हणजे सीरममध्ये थोरल्याला ओळखणारंही काही उरलं नव्हतं.

"काका, चिठ्ठ्या लावताना कुठे उभे होतात?"

काका टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मग अलीकडे आले. पुन्हा पलीकडे गेले. मग स्टुलावर बसले.

"नव्या सशाचं सीरम मिळायला किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"तीन महिने."

आठव्या दिवशी नऊ हजार रोपं जाळली. त्यांत थोरला होता की धाकटा, हे कळलं नाही.