ग्रहण सुटलेलं दिसलं नाही

"कायतरी कापलं आसंल हिनं. कुणाचं लक्ष नसताना."

स्वयंपाकघरात आत्या आईला सांगत होती. पलीकडच्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मधलं दार उघडंच होतं. मी माजघरात कपड्यांच्या घड्या घालत होते. वहिनीला आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आणलं होतं, बाळाशिवाय.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. वहिनीला आठवा महिना, म्हणून आत्या मुद्दाम काष्टीला आमच्याकडे आली, भाचेसुनेकडून 'गिराण' नीट पाळून घ्यायला. विळी, सुरी, कात्री, सुईदोरा, सगळं तिने कपाटात टाकलं आणि किल्ली कमरेला खोचली. वहिनीने पाय लांब करून पलंगावर बसायचं. खाणं नाही, पाणी नाही.

मी पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होते. माझं प्रोजेक्ट दूरच्या ताऱ्यांवर होतं. एखादा ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि आलेखात खळगा पडतो. खळगा किती खोल आहे त्यावरून ग्रहाचा आकार कळतो. तो परत कधी पडतो त्यावरून ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर. जो तारा डोळ्यांना दिसतही नाही त्याच्याबद्दल एवढं सांगता येतं, कारण नियम तिथेही तेच. आपलं ग्रहणही तसंच, एक गोल दुसऱ्याच्या आड येतो. घरी मी हे कधी बोलले नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची. असलं काही मराठीत सांगायला लागले की मी मध्येच अडते, आणि "आल्या मॅडम" म्हणून सगळे हसतात.

ग्रहण लागलं तेव्हा वहिनीने मला जवळ बोलावलं. "ताई, दुपारपासून बाळ हललंच नाही."

मी आईला सांगितलं, आईने आत्याला.

"गिराणात लेकरू गपच ऱ्हातं," आत्या म्हणाली. "सुटू दे, मग बघू."

पण सूर्य तसाच, कड खाल्लेला, उसामागे बुडाला. "सुटल्यालं दिसलंच न्हाई," आत्या म्हणाली. "आता सकाळचा सूर्य बघूनच तिला भायेर काढायची. पंचांगातच हाय तसं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय गं नासावाली, सुटलं का?"

चंद्राला सरकायला आपण बघत असायला लागत नाही. दिवेलागणीपर्यंत त्याची सावली पृथ्वीवरून निघून गेलेली असणार, हे मला पक्कं माहीत होतं. "सुटलं असेल," एवढंच मी म्हणाले, तेही इतक्या हळू की आत्याच्या "न्हाई न्हाई"मध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सकाळी सूर्य दिसल्यावर वहिनीला अंघोळ घातली आणि दौंडला नेलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडत होती. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं यंत्र पोटावरून बराच वेळ फिरवत राहिल्या. पडद्यावर ठोक्यांच्या जागी सरळ रेघ होती. आलेख वाचणं हे माझं रोजचं काम. त्या रेघेत वाचण्यासारखं काही नव्हतं.

"हालचाल थांबली तेव्हाच आणायचं ना," त्या म्हणाल्या. "ठोके नेमके कधी थांबले, ते आता नाही सांगता येणार."

"सुपारी कातरली आसंल, न्हाईतर भाजी," स्वयंपाकघरात आत्याचं चालूच होतं. "कितींदा सांगितलं हुतं तिला."

आई नुसतं "हं" म्हणाली.

"मी नाही काही कापलं," आतून वहिनीचा आवाज आला.

अर्धवट घडीची साडी हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. दोघींनी वर पाहिलं.

"आत्या, वहिनीने काही कापलं नाही. किल्ली तुझ्या कमरेला होती. ग्रहण दिवेलागणीलाच सुटलं होतं, मला माहीत होतं. सावलीने काही केलं नाही बाळाला. तिला रात्रभर घरात ठेवलं ते आपण."