कमरजहाँबाईंचा बदलीचा अर्ज

चंद्रपूरच्या एका नर्सिंग शाळेत मी शिकवायला होते. दरवर्षी पोरींना एसटीने सावली तालुक्यातल्या एका खेड्यात घेऊन जायची. तिथल्या उपकेंद्रात कमरजहाँबाई नर्स होत्या. सेवा म्हणजे काय हे फळ्यावर लिहून कळत नाही, बाईंना पाहिलं की कळेल, असं मला वाटायचं. परत आल्यावर वहीत लिहायला लावायची, नर्सचं काम नोकरी की सेवा? सगळ्या सेवाच लिहायच्या. दुसरं लिहिलं तर मी मार्क कापत असे, हेही खरं.

बाई मूळच्या भद्रावतीच्या. नवऱ्याने टाकलं तेव्हा आई निशातबींनी हट्टाने त्यांना नर्सिंगला घातलं. सोळा वर्षं त्या एकाच जागी होत्या. सायकलीवर पाच गावं. धानाच्या रोवणीत बायका चिखलातून बाहेर येत नसत, तर बाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभ्या राहून त्यांच्या लेकरांना लस टोचायच्या.

शहाण्णव साली निशातबींना लकवा झाला. बाईंचा भाऊ रईस दिवसभर शिलाईच्या दुकानात, भावजय लेकरांत. कूस बदलायला कोणी नाही, पाठीला जखमा पडल्या. बाईंनी भद्रावतीजवळ बदली मागितली आणि ती मंजूरही झाली. तेव्हा सरपंच गुणवंतराव दोन ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन जिल्हा परिषदेत गेले.

"बाई गेली तं आमच्या सुना कोणाच्या भरोशावर बाळंत होतीन?"

बदली रद्द झाली. गावाने आनंदाने बाईंना साडीचोळी केली. गुणवंतराव म्हणाले, "तुमच्या मायलेच इथी आणा नं बाई. घरी म्हशी हायेत, दूध कमी पडू देणार नाई."

"भाऊ, तिले दूध नाई, पोरगी पाहिजे. अन् ते आपलं घर सोडत नाई. अब्बाच्या बाजूलेच मले पुरा, म्हणते."

लोक हसले. बाई गमतीने बोलतात, असं त्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी परिचारिका दिन आला. आरोग्य अधिकाऱ्यांनी माझ्याकडून बाईंबद्दल चार ओळी मागवल्या. मी देवापुढे दिवा लावला आणि मनापासून लिहिलं, 'कमरजहाँबाईंनी हे गाव आपलं घर मानलं आहे. ते सोडून त्या कधी सुखी होणार नाहीत.' त्यांनी पुन्हा अर्ज केला आहे, हे मला ठाऊक होतं. पण अर्ज वरवरचा आणि सेवा आतली, अशी माझी समजूत. ओळी माईकवरून वाचल्या, टाळ्या झाल्या, बाईंना शाल मिळाली. त्या मान खाली घालून उभ्या होत्या. मी पोरींना कोपराने ढोसून म्हटलं, "बघा, गर्व म्हणून नाही."

महिन्याभरात अर्ज नामंजूर होऊन परत आला. सोबत माझ्या ओळींची नक्कल जोडलेली. बाई तो कागद घेऊन शाळेत आल्या.

"म्याडम, माझ्या मनातलं तुमाले कोणं सांगतलं?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"अक्षर छान हाय तुमचं," म्हणाल्या आणि गेल्या.

अठ्ठ्याण्णवचा पोळा तोंडावर आला होता. गावात फोन एकच, सरपंचाच्या घरी. सकाळी नऊला रईसचा फोन आला : अम्मी गेली, आपाला लगेच पाठवा. त्याच घरी आतल्या खोलीत सरपंचाची सून अडली होती आणि बाई तिच्यापाशी होत्या. गुणवंतरावांनी फोन ठेवला आणि ओसरीत जाऊन बसले. दुपारी दोनला नातू झाला. तेव्हा बाईंच्या हातावर पेढा ठेवून त्यांनी निरोप सांगितला.

"आधी सांगतलं असतं तं तुमचा हात थरथरला असता, बाई."

त्यांनीच बाईंना मोटारसायकलीवर सावलीच्या स्टँडवर सोडलं. तिथून चंद्रपूर, मग भद्रावती. बाई पोचल्या तेव्हा तीनलाच कब्रस्तानात मिट्टी होऊन लोक घरोघरी गेले होते.

गावात मात्र वेगळंच पसरलं. नर्सबाईंनी आईची मयत सोडून बाळंतपण केलं म्हणे. माझ्याच वर्गात रंजीता नावाच्या पोरीने हे वहीत लिहून वाचून दाखवलं. मी तिला दहापैकी दहा दिले. पुढच्या आठवड्यात बाईंना भेटायला गेले आणि त्यागाचं काहीतरी बोलू लागले.

"मी सोडली नाई म्याडम," बाई म्हणाल्या. "मले सांगतलंच नाई. मंगली दाई होती तिथी, तिनं धकवलं असतं. माझी माय सहा घंटे वाट पाहत पडली होती."

दुसऱ्याच दिवशी मी अधिकाऱ्यांकडे गेले. मी लिहिलेलं खोटं आहे, ते फाइलमधून काढा, बाईंना बदली द्या, असं सांगितलं. साहेब भले होते. त्यांनी चहा मागवला, फाइल उघडून पाहिली.

"आता कशावर देऊ, म्याडम? अर्जात कारण आईच्या आजाराचं होतं. आई तर वारली."

रंजीताचे मार्क मी कापले नाहीत, तिची त्यात काय चूक. वर्गात मात्र सगळं जसं घडलं तसं सांगितलं, माझ्या चार ओळींसकट. पोरी खाली बघत बसल्या. देवापुढे मी पुष्कळदा हात जोडले, पण माफी त्याच्याकडे मागण्यासारखी नव्हती.

ती मागायला उपकेंद्रात गेले तर बाई लसीच्या डब्यात बर्फ भरत होत्या. साहेबांचं बोलणं मी सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"बराबर हाय त्यायचं," म्हणाल्या. "आता मले कुठी जाचं हाय?"