घोट्याच्या वर चार बोटं

तीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी शिवणयंत्र मांडून बसलेल्या या शिंपीणबाईंशी हुज्जत घालायची कुणाची छाती होत नसे. त्यांच्या धाकट्या बहिणीला नवऱ्याने जिन्यावरून ढकलून मारलं, तेव्हा भर न्यायालयातही त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. ‘गाऊनमध्ये पाय अडकून पडली,’ असं तो भामटा साळसूदपणे सांगत होता. बाईंनी तो गाऊनच उलगडून दाखवला.

“हा मी शिवलाय. धाकटी दिवसातून दहादा धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जायची, म्हणून घोट्याच्या वर चार बोटं ठेवला. पाय अडकणार कुठे?”

त्याला जन्मठेप झाली.

आता त्याच खुनावर टीव्हीमालिका निघाली. आणि मालिकावाल्यांची अक्कल बघा, कपडे अगदी अस्सल हवेत म्हणून शिवायला बाईंकडेच आले! धाकटीची गोष्ट एकदाची खरीखुरी लोकांपुढे जाईल, या आशेने बाईंनी काम घेतलं.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाने गाऊन पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मावशी, हा जमिनीला टेकायला हवा. ती पडली की तिला पाडलं, हे शेवटच्या भागापर्यंत कळता कामा नये.”

“न्यायालयाला कळलंय की!”

“अहो, पण मग मजा जाते ना.”

मजा! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरोघर लोक जेवता जेवता हे बघणार आणि म्हणणार, नवरा बिचारा उगीच अडकला, बहिणीनेच धांदरटासारखा लांब शिवला असेल. म्हणजे धाकटीला पुन्हा मारायचं, आणि तेही बाईंच्या हातून.

“खालची दुमड उसवा,” दिग्दर्शकाने कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीला फर्मावलं. “आत माया ठेवलेली असते, ती सोडा.”

मुलीने दुमड उसवली. पुढेमागे कपडा वाढवता यावा म्हणून शिंपी आत जास्तीचं कापड ठेवतात. इथे अर्धं बोटही सुटेना.

“कातरून टाकलं मी,” बाई म्हणाल्या. “परवा तुमची जाहिरात पाहिली, ‘खुनी की निर्दोष?’ म्हणून. तेव्हाच.”

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला. दुसरा गाऊन शिवायला वेळ कुठला? “चल गं, आहे त्यात पड,” तो नटीला म्हणाला.

नटी बादली घेऊन वर गेली, खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती मधल्या पायरीवरच थांबली. “सर, खोटं वाटतंय हो. पायात काही येतच नाहीये. कुणी ढकललं तरच मी पडेन.”

नवऱ्याचं काम करणारा नट कोपऱ्यात खुर्चीवर चहा पीत बसला होता. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

“ऊठ रे बाबा. वर जा. तुझं काम आहे.”