आम्ही लावलेला पिंपळ

भिलाईत आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये सावली नावाची चीज नव्हती. नवी कोरी घरं, नवे कोरे रस्ते आणि मधे तापलेला मुरूम. आधी तिथे एक गाव होतं. गाव उठवलं, त्याची मोहाची झाडं तोडली, जमीन सपाट केली आणि मग दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम सुरू झाला. साहेब यायचे, झेंडूचे हार घालून घ्यायचे, गुलमोहराच्या रोपाला झारीने पाणी घालताना फोटो काढायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता राग येतो.

बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, कामाला होते. नागपूरला दीक्षा घेऊन आलेली विदर्भातली आम्ही चार-पाच घरं होतो. विहार नव्हताच. रविवारची वंदना कोणाच्या तरी बाहेरच्या खोलीत व्हायची आणि आम्ही पोरं स्वयंपाकघरात जाऊन पडायचो. बाबांनी मनात घेतलं की आपलं एक झाड हवं. उठवलेल्या गावाची विहीर अजून शाबूत होती आणि तिच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. बाबांनी ते सब्बलीने, म्हणजे पहारीने, मुळासकट काढून आणलं. बगीच्याच्या खात्यातला माणूस म्हणाला, पिंपळाची मुळं नाल्या फोडतात, कडुनिंब न्या. पण भगवंतांना बोधी झाली ती पिंपळाखाली, या एका गोष्टीपुढे बाबांजवळ कोणाचं काही चालत नसे. शेवटी मैदानाच्या पार टोकाला लावायची परवानगी मिळाली.

"झाड वाढलं ना, तं आपल्याले बसाले हक्काची जागा झाली," बाबा आईला सांगायचे.

शेळ्यांनी खाऊ नये म्हणून आमच्या लोकांनी बांधकामातल्या उरलेल्या विटा आणून भोवती गोल पार रचला. झाड बाबांच्या डोक्यावर गेलं तशी रविवारची वंदना तिथे होऊ लागली. मग एका शनिवारी पारावर दिवा दिसला. बाबांच्याच शिफ्टमधल्या एका मित्राच्या बायकोने लावलेला. तो मित्र उत्तरेकडचा, मोठा दिलदार माणूस, प्लँटमध्ये बाबांबरोबर चहा पिणारा. आई म्हणाली, लावू द्या, झाड काय कोणाच्या मालकीचं असतं? मग खोडाला सूत आलं. मग शेंदूर लावलेला दगड आला. मग वर्गणी काढून कोणीतरी आमचा पार सिमेंटने पक्का केला, मुळाशी हातभर माती तेवढी उघडी ठेवली.

गावाकडे पिंपळाचा पार कोणाचा असतो आणि कोणी लांब उभं राहायचं असतं, हे बाबांनी जन्मभर पाहिलं होतं. तरी त्यांना वाटलं, इथे सगळे एकाच भट्टीपुढे भाजून निघतात, इथे कोण पाहणार ते? चूक झाली ती एवढीच. कडुनिंब लावला असता तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून मेणबत्त्या घेऊन गेलो. पारावर चार लोक बसले होते. त्यातला एक उठून हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, यहाँ अब स्थापना हो गई है। आप लोग उधर मैदान में बैठ जाइए।" इतक्या अदबीने म्हणाला की भांडायलाही तोंड उरलं नाही. आम्ही मैदानात बसलो. वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या, आणि बाबा वंदना म्हणता म्हणता त्या पुन्हा पेटवत होते.

बाबा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, धर्माच्या भानगडीत आम्ही पडत नाही, तुम्ही आपसात मिटवा. आमच्यातल्याच एकाने सुचवलं, मुळाशी काहीतरी ओतून टाकू, कोणाला कळणार आहे? बाबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. त्यांच्यासाठी तो अजून बोधिवृक्षच होता. तोडणं त्यांच्याने होणार नव्हतं आणि जवळ जाणं आता लोकांना चालणार नव्हतं.

पुढचा उन्हाळा कडक निघाला. शनिवारच्या तांब्याभर पाण्याने काय होणार? पानं मलूल होऊन गळायला लागली. एका संध्याकाळी बाबांनी आमच्या नळाची बादली भरली. आई दारात आडवी आली. "थे आता आपलं राह्यलं नाही. कावून जाता?"

"मी पानी नाही नेलं तं मरून जाईन थे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या मागे गेले. पारावर तोच शिफ्टमधला मित्र होता. त्याने बाबांना पाहिलं, बादली पाहिली आणि तो घाईने खाली उतरला. बाबांच्या डोळ्यांकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "बाल्टी मुझे दे दो भैया, मैं डाल देता हूँ।"

पाणी आमचं चालत होतं. हात चालत नव्हता. मला वाटलं, बाबा आता बादली तिथेच उपडी करतील, निदान परत तरी फिरतील. बाबांनी बादली त्याच्या हातात दिली आणि सगळं पाणी मुरेपर्यंत लांब उभे राहून बघत राहिले.

पाऊस येईपर्यंत ते रोज बादली नेत होते आणि रोज ती दुसऱ्याच्या हातात देत होते.